झिंग्याचे खाद्य : नुसते प्रोटीन मोजून भागत नाही

भंडारा हा तलावांचा जिल्हा. जुने मालगुजारी तलाव, गावोगावच्या बोड्या आणि वैनगंगेचे पाणी हे येथील धन आहे. गोड्या पाण्यातील मोठ्या झिंग्याला, म्हणजे स्कँपीला, लागणारे बरेचसे खाद्य ढेपेच्या दुकानात आणि राईस मिलमध्येच मिळते. म्हणून घाणीवाले, ढेपेचे व्यापारी आणि मिलवाले या बांधवांनी हा विषय समजून घ्यावा.

ग्राहक पहिला प्रश्न विचारतो, "प्रोटीन किती टक्के?" वाढीच्या काळात स्कँपीला साधारण ३० ते ३५ टक्के प्रोटीन लागते. परंतु प्रोटीन ही एकच वस्तू नव्हे. ते सुमारे २० अमिनो आम्लांचे बनलेले असते. त्यांपैकी १० आम्ले झिंगा स्वतःच्या शरीरात तयार करू शकत नाही. ती खाद्यातूनच मिळावी लागतात. शिंप्याजवळ कापड १० कुडत्यांचे असले, पण बटणे ६ कुडत्यांचीच असली, तर पुरे होणारे कुडते ६च. तसेच येथे. एक आम्ल कमी पडले की उरलेल्या प्रोटीनचे मांस बनत नाही. ते अमोनिया होऊन पाण्यात उतरते. पैसा जातो आणि पाणीही बिघडते.

नेहमी कमी पडणारी आम्ले दोन : लायसिन आणि मिथिओनिन. सोयाबीनच्या डीओसीत लायसिन चांगले, मिथिओनिन कमी. तिळाच्या ढेपेत नेमके उलट. जवसाच्या ढेपेत लायसिन कमी आणि भुईमुगाच्या ढेपेत दोन्ही कमी. मासळीच्या कुट्यात सर्व आम्लांचा मेळ असतो, पण तो महाग. म्हणून सोया आणि तीळ एकत्र केल्यास एकाची उणीव दुसरा भरून काढतो आणि कुटा कमी लागतो.

१०० किलोचा नमुना हिशेब पाहा. कुटा १५ किलो (६० टक्के प्रोटीन), सोया डीओसी २५ किलो (४६ टक्के), तिळाची ढेप १५ किलो (४० टक्के), तांदळाचा कोंडा ४० किलो (१२ टक्के). उरलेले ५ किलो तेल, क्षार आणि चिकटवण. एकूण प्रोटीन ९ + ११.५ + ६ + ४.८, म्हणजे सुमारे ३१ किलो. प्रत्येक मालाची टक्केवारी मात्र तपासून घ्यावी.

तपासणीतही एक मेख आहे. प्रयोगशाळा नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणते. युरिया मिसळलेला मालही त्यामुळे कागदावर सरस ठरतो. आकडा खरा, माल खोटा! म्हणून ढेप ओळखीच्या घाणीचीच घ्यावी.

दुसरी गोष्ट, झिंगा खाद्य गिळत नाही. चिमट्यांत धरून सावकाश कुरतडतो. भुकटी पाण्यात विरघळून जाते. सुट्टे लायसिन किंवा मिथिओनिन मिसळले तर तेही खाण्याआधीच धुऊन जाते. गोळी निदान दोन तास पाण्यात टिकली पाहिजे. ग्लासभर पाण्यात टाकून ही परीक्षा दुकानातच करता येते.

मोठ्या तलावात विरळ सोडलेल्या झिंग्याला किडे, शेवाळ, गाळातील जीव यांतून बरीच आम्ले मिळतात. तेथे महाग खाद्य लागत नाही. बोडीत किंवा शेततळ्यात दाट संख्या असली, तरच हा मेळ पैसे वाचवतो. ग्राहकाचे पाणी कोणते, हे आधी विचारावे आणि मगच माल सुचवावा. पोत्यावर टक्क्यांबरोबर आत काय काय आहे तेही लिहावे. अशा दुकानात ग्राहक पुढच्या हंगामातही येतो.