आकाशात खड्डे असतात का?

परिपाठ संपल्यावर सहावीच्या एका मुलाने आम्हांला हा प्रश्न विचारला. खड्डे नसतात. उन्हाने जमीन तापते, तिच्यावरची हवा वर उठते आणि शेजारची थंड हवा खाली येते. तापीवर घारी पंख न हलवता गोल गोल चढतात, त्या याच हवेवर! छोटे विमान मात्र तिच्यात हिंदकळते.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी एका इंजिनाच्या 'पस मॉथ' विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले. नकाशावर अहमदाबाद-जुहू रेघ ओढून पाहा, ती आपल्या सुरतेजवळूनच जाते. विमानात रेडिओ नव्हता. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा विमाने पुण्याला उतरत. पुढे सह्याद्रीवरचा पाऊस असूनही पहिल्या वर्षी टपाल एकदाही चुकले नाही.

अशा हवेत वैमानिक प्रथम वेग कमी करतो, कारण वेगात बसलेला झोत पंखांवर फार ताण आणतो. पंख समतल ठेवायचे, थोडे वर-खाली होऊ द्यायचे. खरा धोका ढगात. क्षितिज दिसेनासे झाले की कानातील तोल फसवतो. विमान वळत असते आणि वाटते सरळ चालले आहे. तिथे फक्त उपकरणांवर विश्वास ठेवायचा. गडगडाटी ढगात तर शिरायचेच नाही, तीसेक किलोमीटर दूरूनच वळायचे किंवा परत फिरायचे.

टाटांनी हाच प्रवास १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, पुन्हा एकट्याने केला.