विश्लेषण : होकायंत्र दोन अंशांनी चुकले, तर भूगर्भातील ताणाचा अंदाज किती चुकतो?

नरखेड तालुक्यातील संत्र्यांच्या बागांखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसॉल्ट खडक आहे. पश्चिमेला वरुड ओलांडून मोर्शी तालुक्यात गेले, की सालबर्डी परिसरात गाविलगड भ्रंश भेटतो. अशा भ्रंशांवरून भूगर्भातील ताणाची दिशा काढली जाते. पण मोजणीच चुकली तर?

ताण कसा ओळखतात?

ज्या भेगेवरून खडकाचे दोन भाग सरकले, ती भेग म्हणजे भ्रंश. सरकताना तिच्या पृष्ठभागावर ओरखडे उठतात. भ्रंशतलाची दिशा, उतार आणि ओरखड्यांचा कल मोजून ताणाचे गणित मांडतात. भ्रंशतलाला समांतर ताण ज्या दिशेने असतो, त्याच दिशेने खडक सरकतो, हे त्यामागचे गृहीतक. वॉलेस (१९५१) आणि बॉट (१९५९) यांच्या नावाने ते ओळखले जाते. यातून ताणांच्या दिशा आणि त्यांचे परस्पर प्रमाण कळते. ताण नेमका किती, हे कळत नाही.

छोटी चूक मोठी कधी होते?

भ्रंशतल ६० अंश उतरता असेल, तर त्यावर होकायंत्र टेकवताना झालेल्या २ अंशांच्या चुकीने तलाची दिशा २.३ अंशांपर्यंत चुकते. उतार १० अंशच असेल, तर तीच चूक ११ अंशांच्या पुढे जाते.

बेसॉल्टमध्ये वेगळी अडचण कोणती?

बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते. त्यामुळे खडकाजवळ सुई वळू शकते. वीज पडलेल्या ठिकाणी धोका अधिक. उपाय म्हणजे सूर्याच्या स्थानावरून किंवा दूरच्या ठळक खुणेवरून दिशा पडताळणे.

जास्त नोंदी घेतल्या की झाले?

नाही. हाताच्या किरकोळ चुका शंभर नोंदींत एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात. सुईच एका बाजूला वळली असेल, तर सगळ्याच नोंदी त्या बाजूला झुकतात. कोणती बाजू वर सरकली हे उलट नोंदवले, तर दाबाच्या जागी ओढ आणि ओढीच्या जागी दाब दिसतो. दोन वेगळ्या काळांतील ओरखडे एकत्र केले, तर निघालेला ताण कोणत्याच काळाचा नसतो.

भूकंपाशी संबंध काय?

भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत युरेशियावर रेटतो आहे. या दाबाखाली कोणते जुने भ्रंश पुन्हा सरकू शकतात, हे त्यांच्या दिशेवर बरेचसे अवलंबून असते. २२ मे १९९७ रोजी जबलपूरला ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला, तो नर्मदेच्या अशाच प्राचीन भ्रंशपट्ट्यात. मात्र ओरखडे लाखो वर्षांपूर्वीचेही असू शकतात. म्हणून त्यांवरून काढलेली दिशा आजच्या भूकंपांच्या नोंदींशी ताडून पाहावी लागते आणि उत्तरासोबत चुकीची मर्यादाही सांगावी लागते.