चोर जन्मतो की घडतो?

विहिरीवरची मोटार गेली, गोठ्यातली शेळी गेली की सकाळी पारावर पहिला प्रश्न निघतो, ‘कुणाचं काम असेल?’ चार माणसं जमायच्या आत उत्तरही तयार असतं. माळावर पालं पडलेली असली तर बोट तिकडेच जातं. शेतकरी बंधूंनो, हे बोट उचलण्याआधी जरा थांबू या. माणूस गुन्हा का करतो, या प्रश्नावर जगातल्या जाणकारांनी अडीचशे वर्षं विचार केला आहे. त्यातलं बरंचसं आपल्या शिवाराला, सरपंचांना आणि पोलीस पाटलांना उपयोगी पडण्यासारखं आहे.

कवटी मोजून चोर सापडेना

इटलीत बेक्कारिया नावाच्या विचारवंताने १७६४ साली सांगितलं की माणूस नफा-तोटा पाहून गुन्हा करतो. त्याचं म्हणणं असं की शिक्षा फार कडक असण्यापेक्षा ती नक्की आणि लवकर होणं महत्त्वाचं. आजही पहा, ‘पकडलं कोण जातंय?’ असं वाटलं की कायद्याचा धाक उरत नाही.

पुढे त्याच देशातला डॉक्टर लोम्ब्रोसो याने १८७६ साली वेगळंच मांडलं. काही माणसं जन्मतःच गुन्हेगार असतात आणि जबडा, कान, कवटी यांवरून ती ओळखू येतात, असा त्याचा दावा. बऱ्याच लोकांना तो पटलाही. मग इंग्लंडमध्ये गोरिंग नावाच्या तुरुंगातल्या डॉक्टरने सुमारे ३००० कैद्यांची मापं घेऊन ती इतर लोकांच्या मापांशी ताडून पाहिली. १९१३ साली त्याने निष्कर्ष छापला : गुन्हेगाराचा असा वेगळा चेहरामोहरा नसतो.

एका कायद्याची गोष्ट

परदेशात हा वाद चालू असताना आपल्याकडे इंग्रज सरकार त्याच्याही पुढे गेलं होतं. १८७१ साली त्यांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोर होणार, असं धरून अख्ख्या जमातीच यादीत घातल्या. त्यांची नावनोंदणी, हजेरी, गाव सोडायला परवानगी. लक्ष ठेवून खबर देण्याची जबाबदारी गावच्या मुखियावर आणि राखणदारावर टाकली होती. पुढे कित्येक कुटुंबांना सोलापूरसारख्या ठिकाणी कुंपण घातलेल्या वसाहतीत ठेवलं.

स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. कायदा गेला, पण शिक्का काही गेला नाही. अमेरिकेत बेकर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९६३ साली हेच सांगितलं : एखाद्याला ‘चोर’ म्हणून शिक्का मारला की काम देणारे दार बंद करतात, शाळेत पोरं टोचून बोलतात, आणि मग शिक्का मारलेली वाटच त्याच्यापुढे उरते. आपल्याकडे लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला १९८८ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्यांनी ते वाचलं, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

संगत आणि अडचण

मग माणूस घडतो कसा? सदरलँड या अमेरिकन अभ्यासकाचं उत्तर आपल्या आजीच्या तोंडचं वाटेल : संगतीने. गुन्हा हा शिकावा लागतो. कुलूप कसं उघडायचं, माल कुठे खपवायचा, आणि ‘यात काय बिघडलं?’ असं मनाला कसं समजवायचं, हे सगळं माणूस जवळच्या माणसांकडून शिकतो. संगतीचा हा नियम पांढरपेशांनाही लागू आहे. खोटे वजनकाटे, खोटी बिलं, पाणंद रस्त्याचं काम न करता उचललेले पैसे, हेही गुन्हेच; आणि तेही कुणाच्या तरी संगतीत शिकलेले.

मर्टन याने १९३८ साली दुसरी बाजू मांडली. समाज सगळ्यांना सांगतो, पैसा मिळवा, घर बांधा, गाडी घ्या. पण तिथवर जायची सरळ वाट सगळ्यांना मोकळी नसते. पदवी घेऊन रिकामा बसलेला पोरगा, मोटारसायकलीचे हप्ते, जुगाराचा अड्डा, हे चित्र आपल्याला नवं नाही. मात्र गरिबी म्हणजे गुन्हा, असा याचा अर्थ कुणी काढू नये. दुष्काळात उपाशी राहूनही दुसऱ्याच्या कणसाला हात न लावणारी माणसं प्रत्येक गावात आहेत.

तीन गोष्टी जुळल्या की चोरी

सगळ्यांत कामाचं सूत्र कोहेन आणि फेल्सन यांनी १९७९ साली दिलं. चोरीला तीन गोष्टी एका जागी याव्या लागतात : चोरायची इच्छा असलेला माणूस, सहज उचलता येणारी वस्तू आणि राखणदाराचा अभाव. यातली एक काढून घ्या, चोरी टळते.

आता हे शिवारात लावून पहा. माणसाची इच्छा आपण एका रात्रीत बदलू शकत नाही, पण बाकीच्या दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. मोटारीवर आणि स्टार्टरवर नाव-गट नंबर कोरा, मोटारीचा नंबर आणि पावती घरी जपून ठेवा. केबलमधलं तांबं भंगारात खपतं म्हणूनच केबल जाते; तेव्हा कोण कुठून माल घेतो, याकडे ग्रामपंचायतीने लक्ष ठेवावं. ग्रामसुरक्षा दलाची गस्त नुसती कागदावर नको. शेजारच्या वस्तीवर रात्री बॅटरी हलली तर विचारपूस करणारा माणूस हवा.

मारामाऱ्यांचं मूळ तर बहुतेक वेळा बांधाच्या हातभर जमिनीत असतं. तंटा मोजणीच्या आणि समजुतीच्या पातळीवर असतानाच मिटला तर कुऱ्हाड निघत नाही. १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेमागे हाच विचार होता.

पाटील, तुमचा शब्द मोलाचा

१९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने गुन्ह्याची खबर देण्याचं काम पोलीस पाटलांवर सोपवलं आहे. तेव्हा पाटील, ठाण्यात सांगताना पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवा. ‘पालावरच्यांनीच केलं असणार’ ही खबर होत नाही, तो नुसता अंदाज झाला. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०२४ मध्ये बजावलं आहे. चुकीचा माणूस आत गेला की त्याच्या घरची चूल विझते, पोरांची शाळा सुटते. आणि खरा चोर मात्र दुसऱ्या विहिरीची टेहळणी करत मोकळा फिरतो.

म्हणून पुढच्या वेळी पारावर ‘कुणाचं काम असेल?’ असा प्रश्न निघाला, तर आधी एवढं विचारा : मोटार उघड्यावर का होती, राखणीला कोण होतं आणि माल विकत कोण घेतं? चोराचा माग यातूनच लागेल.