गुलाबाच्या काळ्या ठिपक्यांचे मूळ गळलेल्या पानांत

गुलाबाच्या पानांवर झालरदार कडांचे काळे ठिपके उमटतात, पाने पिवळी पडून गळतात, झुडूप दुर्बल होते आणि फुलेही रोडावतात. ‘डिप्लोकार्पॉन रोझी’ ही बुरशी या रोगास कारणीभूत असते. प्रतिकूल काळात ती गळलेल्या पानांत व रोगट फांद्यांवर तग धरते. तेथील बीजाणू पावसाच्या शिंतोड्यांबरोबर नव्या पानांवर पोहोचतात. पान सलग सुमारे ७ तास ओले राहिल्यास ते रुजून पानाच्या आत शिरतात. काही दिवसांतच ठिपका दिसू लागतो. त्यातून नवे बीजाणू बाहेर पडतात व चक्र पुन्हा सुरू होते. म्हणूनच केवळ बुरशीनाशकाची फवारणी पुरेशी ठरत नाही. गळलेली पाने वेचून नष्ट करावीत, रोगट फांद्या छाटाव्यात आणि पाणी पानांवर न शिंपडता सकाळी बुंध्याशीच घालावे.