फोंताइन्हास : पायी पाहायची पणजी

पणजीत पश्चिमेला आल्तिनोची टेकडी आणि पूर्वेला खाडी, यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत फोंताइन्हास हा जुना वाडा वसला आहे. इथल्या गल्ल्या अरुंद, मध्येच पायऱ्या चढणाऱ्या, अचानक वळणाऱ्या. गाडीतून हा वाडा दिसतच नाही. मार्गदर्शकाबरोबर पायी हिंडण्याची वारसा-फेरी इथे रुजली ती त्यामुळेच. दोनेक तासांत फेरी होते. ऊन चढण्याआधी निघणे बरे.

टेकडीच्या पायथ्याशी, मळा या भागाच्या अंगाला, फोंत फेनिक्स हा झरा आहे आणि वाड्याचे नाव त्यावरूनच पडले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मोझांबिकमध्ये पैसा कमावून परतलेल्या आंतोनियु जुआंव द सिकेरा याने इथे माडांची बाग केली. लोक त्याला ‘मोसमीकार’ म्हणत. बागेची वस्ती झाली ती राजधानीमुळे. जुने गोवे रोगराईने ओस पडत चालले, तसा पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुक्काम 1759 मध्ये पणजीतल्या आदिलशहाच्या राजवाड्यात हलला. 1843 मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. नोकरदारांना कचेरीपासून चालण्याच्या अंतरावर घरे हवी होती.

ती घरे आजही उभी आहेत. भिंती चिऱ्याच्या, वर कौले, रंग पिवळा, निळा किंवा गेरूसारखा तांबडा आणि दारे-खिडक्यांभोवती पांढरी किनार. पांढरा रंग फक्त चर्चसाठी राखून ठेवला होता, असे मार्गदर्शक सांगतात. त्यापेक्षा खिडक्यांशी थांबावे. काही जुन्या झडपांत काचेऐवजी चपट्या शिंपल्यांच्या चकत्या लाकडी पट्ट्यांत ओवलेल्या असतात. काच महाग होती तेव्हाची ही सोय आहे. उजेड आत येतो, पण दुधट होऊन, डोळ्यांना न बोचता. गोव्याचा पाऊस चुन्याचा रंग टिकू देत नाही, त्यामुळे पावसाळा सरला की पुन्हा हात फिरवावा लागतो. घरमालकाचा हा खर्च फेरीत सहसा कोणी सांगत नाही.

सेंट सेबॅस्टियनचे कपेल 1818 चे. आतल्या क्रुसावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत आणि मान ताठ आहे. एरवी क्रुसावरची मूर्ती मान टाकलेली असते. हा क्रूस आधी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मचौकशीच्या, महालात होता. चौकशीसाठी उभ्या केलेल्यांना दरारा वाटावा म्हणून ते डोळे तसे घडवले, अशी कथा हमखास ऐकवली जाते. कथा म्हणून ती ठीक आहे. त्या क्रुसाचा प्रवास मात्र जास्त बोलका आहे. 1812 मध्ये इन्क्विझिशन कायमचे बंद झाले तेव्हा तो पणजीच्या राजवाड्यात आला आणि 1918 मध्ये या कपेलात. धाक घालणाऱ्या संस्थेची वस्तू शंभर वर्षांत वाड्यातल्या लोकांच्या रोजच्या प्रार्थनेची झाली.

खरी गफलत होते ती रस्त्याच्या नावापाशी. वाड्यातल्या मुख्य रस्त्याचे नाव ‘31 जानेवारी’. पोर्तुगाल स्पेनपासून स्वतंत्र झाल्याचा हा दिवस, असे फेरीत सर्रास सांगतात आणि छापूनही येते. तो दिवस 1 डिसेंबर 1640 चा. 31 जानेवारी 1891 रोजी पोर्तो शहरात राजेशाहीविरुद्ध प्रजासत्ताकवाद्यांचा उठाव झाला. तो त्याच दिवशी मोडला गेला. प्रजासत्ताक आले 1910 मध्ये. पोर्तोतही याच तारखेच्या नावाचा रस्ता आहे. पणजीत तारखेचे नाव असलेला दुसरा मोठा रस्ता म्हणजे ‘18 जून’. 1946 मध्ये त्या दिवशी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावात नागरी स्वातंत्र्यासाठी सभाबंदी मोडली. मुक्तीनंतरच्या पणजीने दोन्ही पाट्या ठेवल्या आहेत. चांगल्या मार्गदर्शकाने या दोन रस्त्यांवर पाव तास तरी घालवावा.

फेरी लांबवायची असेल तर जुन्या राजवाड्याशेजारी आबे फारिया यांचा पुतळा आहे. कांदोळीत जन्मलेल्या या धर्मगुरूने पॅरिसमध्ये संमोहनावर व्याख्याने दिली. हा पुतळा रामचंद्र पांडुरंग कामत यांनी 1945 मध्ये घडवला.

मळ्याच्या बाजूला चढावर मारुतीचे देऊळ आहे. फोंताइन्हासला लागलेल्या ‘लॅटिन वाडा’ या शिक्क्यामुळे पुष्कळ फेऱ्या तिथवर जातच नाहीत. हे चुकते, कारण कपेलाचे फेस्त आणि मारुतीची जत्रा दोन्ही एकाच परिसराचे उत्सव आहेत.

फोंताइन्हास हे संग्रहालय नाही, लोक तिथे राहतात. त्यांच्या पायरीवर बसून, दारात उभे राहून छायाचित्रे काढणाऱ्यांचा आणि लग्नाआधीच्या छायाचित्रणाचा रहिवाशांना इतका जाच झाला की काहींनी दारांवर मनाईच्या पाट्या लावल्या. तेव्हा फेरीला जाणाऱ्यांनी गट लहान ठेवावा, आवाजही लहान ठेवावा आणि कोणाच्याही दारापुढे कॅमेरा काढण्याआधी घरच्यांना विचारावे.