आधी मैदान द्या, मग गुणवत्ता मोजा!

पहाटे नांदेड किंवा लातूरबाहेरच्या रस्त्यावर जाऊन पाहा. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली धावताना दिसतील. त्यात शेतमजुरांच्या, बांधकाम मजुरांच्या लेकीही असतात. भरतीत त्यांना ८०० मीटर धावायचे असते. हेच अंतर बाईला झेपत नाही असे ठरवून १९२८ नंतर ऑलिम्पिकमधून वगळले गेले होते. ते थेट १९६० साली परत आले.

मार्च १९५१ मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या. १०० मीटरमध्ये रोशन मिस्त्री यांनी रौप्य, तर २०० मीटरमध्ये वांद्र्याच्या मेरी डिसूझा यांनी कांस्यपदक पटकावले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकसाठी मेरींची निवड झाली. पण प्रवासखर्चासाठी मित्रमंडळींना पैसे जमवावे लागले. मुंबईच्या पदकविजेत्या मुलीची ही गत!

मग मराठवाड्याचे काय? निजामी राजवट १९४८ साली संपली होती. जिला गावच्या पाणवठ्यावर उभे राहू दिले जात नव्हते, त्या मुलीला मैदान कोण देणार? तिच्या पायांत बळ नव्हते काय? भर उन्हात डोक्यावर ओझे घेऊन ती कोसभर चालतच होती. तिचे चालणे कुणी घड्याळ लावून मोजले नाही, एवढेच.

त्याच काळात बाबासाहेब दुसरे मैदान खुले करत होते. १९५० साली त्यांनी औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. हिंदू कोड बिलाची अडवणूक झाली, तेव्हा १९५१ साली मंत्रिपदावर लाथ मारली. समाजाची प्रगती ते स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजत.

आज 'गुणवत्ता, गुणवत्ता' म्हणून आमच्याकडे बोट दाखवणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा. संधी मिळाली की काय होते, हे नांदेड जिल्ह्याच्या भाग्यश्री जाधव यांनी दाखवले. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात तिरंगा त्यांच्याही हाती होता.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक तालुक्यात मुलींसाठी धावण्याचे मैदान, प्रशिक्षक, बूट आणि पोटभर खुराक द्या. मागासवर्गीय मुलींच्या वसतिगृहांपासून सुरुवात करा. आमच्या लेकींनी वाहनांच्या उजेडात, जीव मुठीत धरून किती दिवस धावायचे?