घोड्यांची गवतयंत्रे आणि खानदेशचा कडबा

एरंडोलहून कासोद्याच्या किंवा धरणगावच्या वाटेने फाल्गुनात निघावे, तर दादरच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, कडब्याने भरलेली गाडी, आणि आताशा गाडीपेक्षा ट्रॅक्टरची ट्रॉलीच अधिक, हटकून समोर येते. आणि युरोप-अमेरिकेतील जुन्या शेतीची छायाचित्रे ज्याने कधी पाहिली आहेत त्याला त्या छायाचित्रांतील दोन धिप्पाड घोडे, त्यांच्यामागची रुंद गाडी आणि त्या गाडीच्याही मागे जोडलेले, जमिनीवरचे गवत उचलून वर चढविणारे ते उंच तिरपे यंत्र आठवून असा प्रश्न पडतो, की शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिकडे जे साधले ते इकडे का साधले नाही. या प्रश्नाचे एक उत्तर फार दिवसांपासून ठरून गेलेले आहे: आमचा शेतकरी अडाणी, जुन्याला चिकटणारा, यंत्राला भिणारा, म्हणून. हे उत्तर अन्यायाचे तर आहेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते खोटे आहे. आणि ते खोटे का, हे कळण्यासाठी प्रथम त्या यंत्रांविषयीचे काही गैरसमज दूर करावे लागतात.

पहिला गैरसमज असा, की यंत्र म्हटले म्हणजे त्यात कोठेतरी वाफेचे वा तेलाचे इंजिन असलेच पाहिजे. घोड्यांच्या गवतयंत्रांत इंजिन मुळीच नव्हते. त्यांची सारी शक्ती जमिनीवर फिरणाऱ्या चाकांतून येई: घोडे चालले की चाके फिरत, चाकांबरोबर आस फिरे, आसावरच्या दातेरी चक्रांनी आणि साखळ्यांनी ती गती पात्यापर्यंत किंवा काट्यांपर्यंत पोहोचे, आणि घोडे थांबले की यंत्रही जागच्या जागी थांबे. चाकात खटक्याची योजना असे, त्यामुळे यंत्र मागे सरकविताना आतील भाग उलटे न फिरता मोकळे राहत. इंधन नाही, बाष्पपात्र नाही. गावचा कसबी लोहार ज्याची बहुतेक दुरुस्ती करू शकेल असे हे काम होते, आणि म्हणूनच अमेरिकेतील आमिश पंथाचे शेतकरी आजही घोड्यांच्या बळावर गवताची शेती करू शकतात.

दुसरा समज असा, की हे सर्व काम एकच यंत्र करी. वास्तविक ती यंत्रांची एक मालिका होती. प्रथम कापणीयंत्र येई. त्याच्या बाजूला जमिनीसरशी पसरलेल्या, सुमारे पाच फूट लांबीच्या दांडीत त्रिकोणी पाती मागेपुढे सरकत आणि हिरवे गवत आडवे पडे. मग पडलेले गवत उधळून उलटेपालटे करणारे यंत्र, म्हणजे खालच्या थरालाही ऊन-वारा लागावा. त्यानंतर घोड्याचे दाताळे: दोन मोठी चाके आणि त्यांच्यामध्ये पोलादी, वाकवलेल्या, लवचीक दातांची आठ ते बारा फूट रुंद ओळ. बैठकीवर बसलेला माणूस ठरावीक अंतरावर पायाखालची पट्टी दाबी, त्यासरशी चाकांचीच गती ते सारे दात वर उचली, साचलेले गवत तेथे राही, आणि दात पुन्हा आपसूक खाली येत. अशा रीतीने शेतभर गवताच्या समांतर रांगा पडत. कोठाराजवळ गेल्यावर आणखी निराळी साधने असत. आयोवा प्रांतातील फेअरफील्डच्या विल्यम लाउडन यांनी १८६७ मध्ये कोठाराच्या आढ्याखालून गवत वाहून नेणाऱ्या साधनाचे पेटंट घेतले, आणि मोन्टाना प्रांतात लाकडी उतरणीवरून गवत वर ओढून गंजीवर टाकणाऱ्या सांगाड्याचे पेटंट १९१० चे आहे.

या मालिकेतील सर्वांत नवलाचे यंत्र म्हणजे भरणीयंत्र. ते गाडीच्या मागे अडकविलेले असे आणि गाडी गवताच्या रांगेवरून अशी चाले, की रांग दोन्ही चाकांच्या बरोबर मधून जावी. यंत्राच्या तळाशी असलेले काटे गवत अलगद उचलीत. तेथून लाकडी पट्ट्यांच्या फिरत्या पडद्यावर किंवा पुढेमागे हलणाऱ्या दातेरी दांड्यांवर चढत चढत ते आठ-दहा फूट उंचीवर जाई आणि गाडीच्या मागच्या बाजूला सतत पडत राही. येथेच तिसरा गैरसमज उद्भवतो, की माणसाला मग काही कामच उरत नसे. वास्तविक गाडीवर उभ्या असलेल्या माणसाचे काम अधिकच कठीण होई, कारण यंत्र थांबत नसे आणि गवत येणे थांबत नसे. आलेला प्रत्येक ढीग काट्याने ओढून आधी चारी कोपरे बांधायचे, मग कडा, आणि शेवटी मध्य भरून कोपऱ्यांना आतून धरून ठेवायचे, हे त्याला हलत्या गाडीवर, धुळीत आणि उन्हात करावे लागे. ही बांधणी चुकली तर शेताच्या पहिल्याच उतारावर भार कलंडे. यंत्राने वाचविली ती जमिनीवर उभे राहून काट्याने गवत वर फेकणाऱ्यांची मजुरी. कौशल्य आणि घाम त्याने वाचविला नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ही यंत्रे ज्या वस्तूसाठी घडली ती वस्तू आणि आपला कडबा एकच, असे मानणे हाच सर्व गोंधळाचा उगम आहे. तिकडचे गवत फुलोऱ्यावर असताना, हिरवे आणि रसरशीत असताना कापले जाते. ते जनावरांसाठीच वाढविलेले असते, आणि पाऊस कधी येईल याचा नेम नसलेल्या उन्हाळ्यात चार-पाच दिवसांच्या आत कापून, उलटून, वाळवून, गोळा करून छपराखाली न्यावे लागते. ओल राहिली तर ते कुजते, इतकेच नव्हे तर ओलसर गवताच्या दडपलेल्या ढिगात सूक्ष्म जीवांच्या क्रियेने उष्णता साठत जाऊन काही आठवड्यांनी तो आपोआप पेटूही शकतो. गंजीला आग लागली म्हणजे कोणीतरी ठिणगी टाकलीच असली पाहिजे, हा आपल्याकडचा समजही यासाठीच सर्वस्वी खरा नाही. तेव्हा त्या यंत्रांचा खरा शत्रू आळस नव्हता, पाऊस होता. त्यांनी वेळ विकत दिला.

खानदेशचा कडबा ही याहून सर्वस्वी निराळी वस्तू. दादर पिकते ती थंडीच्या ओलीवर, कापली जाते ती आभाळ निरभ्र असताना; ताट उभे असतानाच बरेचसे वाळून गेलेले असते, आणि कणसे खुडून घेतल्यानंतर उरलेल्या धांड्याला उलटण्याचीही गरज पडत नाही. पुरुषभर उंचीच्या किंवा त्याहूनही उंच अशा त्या ताटांना दाताळ्याचे लवचीक दात उचलूही शकणार नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे आमचा कडबा शेतात मोकळा पडतच नाही: तो पेंढी होऊन बांधला जातो, पाच पेंढ्यांचा पाचुंदा होतो, शेकड्यावर त्याचा भाव ठरतो. गाडी भरताना खालचा माणूस पेंढी वर देतो आणि वरचा ती बुडखे बाहेर, शेंडे आत अशी, एकावर एक सांधा मारीत रचतो. दोर आवळला की भार खडखडीत रस्त्यानेही ढळत नाही. मोजणे, विकणे, भरणे आणि पावसाळ्यापूर्वी गंज रचणे, या चारही व्यवहारांसाठी एकच परिमाण असलेली ही व्यवस्था आहे, आणि जेथे माल आधीच हातात धरता येईल अशा मापात बांधलेला आहे तेथे सुटा माल उचलणाऱ्या भरणीयंत्राने करायचे काय?

घोड्याची गोष्टही अशीच. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा जो प्रसिद्ध बाजार भरतो, त्यावरून खानदेशात घोडा नव्हता असे कोणी म्हणू शकणार नाही. पण तो घोडा रिकिबीचा, टांग्याचा आणि वरातीचा. नांगर-वखराला आमच्याकडे बैलच, आणि याचे कारण रूढीत नसून पोटात आहे: बैल रवंथ करणारा प्राणी असल्याने कडब्यासारख्या जाड्याभरड्या वैरणीतूनही तो आपले पोषण काढतो, घोड्याला कष्टाच्या दिवसांत दाणा द्यावाच लागतो. ज्या शेतकऱ्याच्या पदरी कडबा आहे आणि हरभरा विकून सारा भरायचा आहे, त्याने बैल ठेवणे हाच शहाणपणाचा हिशेब होय. शिवाय कापणीयंत्राच्या पात्याची गती चाकाच्या गतीवर अवलंबून असते. ताशी सुमारे चार किलोमीटर चालणाऱ्या घोड्यासाठी जुळविलेले यंत्र त्याहून संथ चालणाऱ्या बैलांना जुंपले तर पाते मंदावते आणि गवत कापण्याऐवजी लोळविते. घोड्याची ओढ खांद्यावरच्या गळपट्ट्यातून येते, बैलाची मानेवरच्या जुवातून. तेव्हा जोडणीही बदलावी लागणार.

मग महाराष्ट्रात वाळल्या गवताचा व्यवहारच नव्हता काय? होता, आणि मोठा होता. फक्त तो खानदेशात नसून ठाणे जिल्ह्यात होता. मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या तेव्हा त्या चालविणाऱ्या स्टर्न्स आणि किटरिज यांच्या तबेल्यात ९०० घोडे होते असे सांगतात. त्यांच्या भरीला बग्ग्या, व्हिक्टोरिया, लष्कराचे घोडे आणि दुधाचे तबेले. या साऱ्यांचे पोट डहाणू-पालघरकडच्या वरकस जमिनीतील आणि जंगलपट्टीतील गवतावर चाले. पाऊस संपला की गवत कापावे, वाळवावे, वखारीत दाबून गाठी बांधाव्यात आणि मुंबईस रवाना कराव्यात, हा तेथला शिरस्ता. घोड्यांच्या गवतयंत्रांना योग्य असे क्षेत्र महाराष्ट्रात कोठे असेल तर ते हे. आणि तेथेही कापणी विळ्यानेच होत राहिली. याचे कारण कोणाच्या अडाणीपणात शोधू नये. जमीनदाराला आणि वखारवाल्याला वारल्यांचे श्रम इतक्या कवडीमोलाने आणि कित्येकदा वेठीने मिळत, की यंत्रावर पैसा घालण्याचे त्यांना प्रयोजनच नव्हते. १९४५ मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली आदिवासींनी जो संघर्ष उभारला, त्यातील एक प्रमुख मागणी ५०० रत्तल गवत कापण्याबद्दल अडीच रुपये मजुरी मिळावी, ही होती. ५०० रत्तल म्हणजे जवळजवळ सव्वादोनशे किलो. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला, आणि त्यात जेठ्या गांगड यांच्यासह काहींनी प्राण गमावले. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात ही हकिकत आहे. वैरणीच्या इतिहासाचा विचार करणाऱ्याने तो ग्रंथ वाचल्यावाचून राहू नये. यंत्र येत नाही ते दर वेळी शेतकरी त्याला नाकारतो म्हणून नव्हे. मजुराला नाकारलेला दामही त्याची वाट अडवून धरतो.

शेतकरी यंत्राला भितो, या आरोपाच्या पुष्टीसाठी लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या नांगराची गोष्ट नेहमी सांगितली जाते: लोखंडाने जमिनीला विष चढते या समजुतीमुळे त्यांचा पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. गोष्ट खरी आहे, पण ती अर्धीच सांगतात. त्याच लक्ष्मणरावांच्या बेळगावच्या कारखान्यातून कडबा कापण्याची यंत्रेही निघत होती आणि ती खपत होती. पुढे नांगरही खपला, आणि १९१० मध्ये औंध संस्थानातील माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. खानदेशच्या कापूसवाल्याने सरकी काढण्याचा हातचरखा सोडून एकोणिसाव्या शतकातच आपला माल जिनिंग कारखान्यात नेण्यास आरंभ केला होता. कडबाकुट्टीला तर प्रचारकही लागला नाही: अखंड धांडा टाकला तर जनावर पाने खाऊन बुडखा तुडविते, कुट्टी केली तर सारे खाते, हे गोठ्यात एकदा दिसले की पुरे. नुकसान डोळ्यांसमोर आणि उपाय आवाक्यात, एवढे जुळले तेथे आमच्या रयतेने यंत्र स्वीकारले आहे.

आवाक्याविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. डॉ. हॅरोल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचे जे प्रसिद्ध संशोधन केले, त्यात १७७१ मध्ये सरासरी ४० एकरांची असलेली जमीनधारणा १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आल्याचे आढळले. सात एकरांतल्या विखुरलेल्या तुकड्यांत दहा फुटी दाताळे वळवायचे कोठे? तुकडेबंदीचा कायदा १९४७ मध्ये झाला, परंतु वाटण्यांचा ओघ त्याने थांबला नाही. अशी यंत्रे फिरविता येतील एवढी मोठी सलग राने लष्कराकडे मात्र होती. १ फेब्रुवारी १८८९ रोजी अलाहाबादला पहिले लष्करी शेत स्थापन झाले आणि चारा व दूध पुरविणारी ही संस्था २०२१ पर्यंत चालली.

इतके सांगितल्यावर, परदेशी गवतयंत्रांपासून आपण काहीच घेऊ नये असा कोणी अर्थ काढील, तर तो मात्र माझ्यावर अन्याय होईल. यंत्र नसले तरी त्यामागचा विचार घेण्यासारखा आहे, आणि तो एरंडोलजवळच्या पद्मालयाच्या परिसरातील डोंगरउतारांना, गावोगावच्या गायरानांना आणि बांधांना तंतोतंत लागू पडतो. आपण गवत कापतो ते फार उशिरा. कापूसवेचणी आणि ज्वारीची कापणी यांत मनुष्यबळ गुंतलेले असते हे खरे, पण तोवर मारवेलीसारख्या उत्तम गवतातील सत्त्व बियांबरोबर निघून जाते, पाने झडतात, आणि कुसळीची टोकदार कुसळे पक्व होऊन जनावरांच्या तोंडाला इजा करतात. हेच गवत आश्विनात, फुलोऱ्यात असताना, उघडीप पाहून कापले, दोनदा उलटले, मुठीत पिळून ओल लागत नाही याची खात्री करून रचले, तर तीच जमीन अधिक कसदार वैरण देईल. दाताळ्याला कापणीयंत्राप्रमाणे वेगाची गरज नसते. ते बैलजोडीही ओढू शकते आणि गावचा लोहार ते बनवूही शकतो. येत्या आश्विनात ज्यांच्याकडे बांधाचे किंवा कुरणाचे गवत असेल त्यांनी निदान एका तुकड्यावर हा प्रयोग करावा, आणि उन्हाळ्यात ती वैरण व उशिरा कापलेली वैरण एकाच गव्हाणीत शेजारी शेजारी टाकून जनावर आधी कशाला तोंड लावते ते स्वतः पाहावे.